निळ्या किसाचा घाणा

मी एक जुना टायटॅनियमचा दांडा आहे. करंगळीएवढा जाड, आणि तोही दोन तुकड्यांत. माझी गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर कुणालाच वाटलेली नाही. मित्रांनो, नुसतं तुटून मी अख्खा कारखाना थांबवला होता!

जन्माने मी मऊ. शुद्ध टायटॅनियम म्हणजे गरीब स्वभावाचं पोर. ओढाल तसं ओढलं जातं, पण जास्त भार पडला की मान टाकतं. म्हणून भट्टीत आम्हाला सोबती देतात. अ‍ॅल्युमिनियम आला की अंगात बळ येतं. व्हॅनेडियम ते आणखी वाढवतो, आणि तरी ताणलं तर लांबायची आमची सवय बरीचशी टिकते. तिसरा पाहुणा न बोलावता येतो, हवेतला ऑक्सिजन. चिमूटभर असला तर तोही बळ देतो. जास्त झाला की आम्ही वरून पहिलवान आणि आतून खडू.

आमच्या घाण्यात, म्हणजे एका वेळी वितळवायच्या मालात, भट्टीवाल्यांनी लेथवर धातू कातताना निघालेला कीस घातला. चकचकीत कीस चालतो. तापून निळा पडलेला चालत नाही, कारण तो हवा पिऊन आलेला असतो. "एवढा चांगला माल फेकायचा म्हणजे काय!" असं पुटपुटत त्यांनी निळाही भट्टीत लोटून दिला. मला सगळं कळत होतं, पण तेव्हा माझी जीभ आजच्यासारखी सुटलेली नव्हती.

त्या घाण्याच्या सळ्या मोडलेल्या मांडीच्या हाडात घालायच्या होत्या. दवाखान्याची गाडी दारात उभी होती. छपरावरून पडलेल्या एका गवंडीणबाईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. राहिली होती फक्त त्या घाण्याचा नमुना म्हणून माझी परीक्षा.

चाचणी घेणाऱ्या बाई म्हणजे भट्टीवाल्यांच्या सख्ख्या वहिनी. त्यांनी माझ्या अंगावर पन्नास मिलिमीटर अंतराने दोन बारीक खुणा केल्या आणि मला यंत्राच्या जबड्यांत अडकवलं. जबडे दूर सरकू लागले. भाराचा काटा चढू लागला. माझ्या अंगातला कण न् कण कळवळला.

"बघा, बघा!" कारखान्याचे साहेब ओरडले. "एवढा दम आपल्या कुठल्याच मालात नव्हता!"

भट्टीवाल्यांच्या कपाळावर घाम होता. "वहिनी, आता दाखल्यावर सही करून टाका ना."

"भाऊजी, जरा गप्प बसता का?"

काटा आणखी वर गेला. आणि खाट! चांगल्या दांड्यासारखा आधी कमरेत बारीक न होता मी सरळ दोन तुकडे होऊन पडलो.

वहिनींनी तुकडे जुळवले आणि खुणांमधलं अंतर मोजलं. "बावन्न. पंचावन्न तरी हवं होतं."

"पण ताकद बघा की!" साहेब म्हणाले.

"ती बघूनच तर सही थांबवलीय, साहेब. उद्या त्या बाईचा पाय घसरला तर सळी थोडी वाकायला हवी. ही आतल्या आत मोडेल." मग त्या वळल्या. "भाऊजी, भट्टीत काय घातलंत?"

"नेहमीचंच."

"मग हीच सळी तुमच्या पायात घालू?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भट्टीवाले स्टुलावर बसले.

"निळा कीस, वहिनी. एक टोपली."

"एकच?"

"...दोन."

वहिनींनी पेनाला टोपण लावलं. अख्खा घाणा भंगारात गेला. गवंडीणबाईंना जुन्या घाण्यातली सळी बसली आणि त्या पुन्हा छपरावर चढल्या. मी मात्र काही वर्षं खिळ्यांच्या डब्यात धूळ खात पडलो, आणि मग कारखाना बघायला येणाऱ्या तुमच्यासारख्या पाहुण्यांना दाखवायला या टेबलावर आलो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, नुसत्या बळावर भाळू नका. टोपली भट्टीत उलटी करण्याआधी तिच्यात डोकावून बघा. चूक झालीच, तर कुणी विचारायची वाट न बघता सांगून टाका.

आणि आता खरी गंमत. मला पंचावन्नपर्यंत अगदी सहज लांबता आलं असतं! पण त्या बाईंचा पाय डोळ्यांसमोर आला, आणि मी मुद्दाम, स्वतःच्या मर्जीने...

"खोटं!" माझे दोन्ही तुकडे हातात धरून पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली. "मर्जी कसली डोंबलाची? तुझ्यात ऑक्सिजन जास्त होता. तुला लांबताच आलं नसतं!"