जनतेचा सिलिंडर

माझ्या नवऱ्यानं मोटरीत खायचं तेल ओतलं, आणि तेही मला न विचारता. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल त्या वर्षी अख्ख्या क्युबात मिळत नव्हतं, म्हणून आर्सेनियोनं ठरवलं की तेल ते तेल. आमची रिकिम्बिली गल्लीतून गेली की तळलेल्या केळ्यांचा वास सुटायचा आणि शेजारणी विचारायच्या, आज काय बेत? गुरुवारी साखर कारखान्याच्या फाटकापाशी ती किंचाळली आणि जागच्या जागी थांबली.

चिनी सायकलला हाताला लागेल ती मोटर बसवली की तिला आम्ही रिकिम्बिली म्हणतो. कायद्याच्या लेखी ती अस्तित्वातच नाही, त्यामुळे घरोघरी आहे. आमच्या सायकलची मोटर डासांसाठी धूर सोडायच्या यंत्रातली. यंत्र सरकारचं, सरकार जनतेचं आणि जनता म्हणजे आम्ही. यात चोरी कुठे आली, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आर्सेनियोनं मोटर मोरीपाशी उघडली. पिस्टन सिलिंडरला आतून चिकटला होता. लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून ठोकून तो सुटला, पण आत नख अडकेल इतके खोल ओरखडे.

"लेथवर घासून गुळगुळीत होईल," तो म्हणाला. "पण मग भोक मोठं होतं. मोठा पिस्टन लागेल."

"आहे का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? रविवारी काय तुझ्या खांद्यावर बसून जाऊ?"

रविवारी मायदेलिनला भेटायचं होतं. आमची एकुलती एक, त्या वर्षीच लांबच्या वसतिशाळेत गेलेली. महिन्यातून एक रविवार भेट, तीही दुपारपर्यंत. मागच्या भेटीला मोटरीला तेल नव्हतं आणि बसही आलीच नाही. पोर दिवसभर कुंपणाशी उभी होती आणि जेवायलाही गेली नाही, असं दुसऱ्या मुलीच्या आईनं सांगितलं. या वेळी काय वाट्टेल ते झालं तरी मी जाणार होते.

तसा सिलिंडर एकाच ठिकाणी असणार, समोरच्या रिगोबेर्तोकडे. तो गावच्या डास पथकाचा प्रमुख. आर्सेनियो रस्ता ओलांडायला निघाला तर रिगोबेर्तोच आमच्या दारात.

"गड्या, तुझा सिलिंडर एक दिवस दे," तो म्हणाला. "शनिवारी तपासणी आहे."

"मी तुझ्याकडेच मागायला निघालो होतो. माझा गेला कामातून."

"माझ्याकडे कुठला? माझ्या यंत्रातला तर तुझ्याकडे आहे."

पथकाकडे कागदावर सहा यंत्रं होती. त्यांच्यावर बसून निम्मं गाव कामाला जात होतं. कोठीत उरलं होतं ते एकच यंत्र, तेही बिनसिलिंडरचं, पाठीवर अडकवायच्या पट्ट्यांसकट.

शनिवारी तपासनीस आला. फेर्मिन त्याचं नाव, काखेत फाईल, शर्टाला इस्त्री. सरकारी गाडीला पेट्रोल नव्हतं, म्हणून साहेब स्वतःच्या वाहनानं आले होते. ती रिकिम्बिली होती, आणि मोटर कुठली ते आर्सेनियोला लांबूनच कळलं.

रिगोबेर्तोनं त्याला आमच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि माझ्या उरल्यासुरल्या कॉफीवर खरं काय ते सांगून टाकलं. फेर्मिनचा चेहरा पडला. मागच्या वर्षी ही सगळी यंत्रं उत्तम चालतात असं त्यानंच लिहून दिलं होतं.

"एक तरी धूर काढायला हवा," तो म्हणाला. "माणसं बोलावली आहेत."

मग काय, आर्सेनियोनं साहेबांच्या सायकलचा सिलिंडर पिस्टनसकट उतरवला आणि यंत्रावर चढवला. सांध्यातून गळू नये म्हणून जुन्या गॅस्केटवर थोडा साबण चोपडला. चौकात गल्ली गोळा झाली, रिगोबेर्तोनं दोरी ओढली, आणि पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की म्हातारी माणसं खोकून बेजार झाली. टाळ्या पडल्या.

तिथेच थांबला असता तर फेर्मिनचं भलं झालं असतं. पण चार माणसं जमलेली दिसली की काहींच्या जिभेला खाज सुटते.

"कॉम्रेड्स," तो म्हणाला, "हे यंत्र जनतेचं आहे. यातला एक स्क्रू जरी कुणी काढला, तरी तो आपल्या लेकरांच्या आरोग्याचा वैरी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्र कोठीत गेलं आणि कुलूप लागलं. संध्याकाळी फेर्मिन हळूच किल्ली मागायला गेला.

"साहेब, मी वैरी होऊ?" रिगोबेर्तो म्हणाला. "अख्ख्या गल्लीनं ऐकलंय."

रिगोबेर्तोच्या तत्त्वनिष्ठेनं तुम्ही भारावून जाऊ नका. यंत्र चालू असलं तर ते पाठीवर घेऊन घरोघर हिंडावं लागतं, आणि बारा वर्षांत त्यानं ती चूक केली नव्हती. अंधार पडल्यावर त्यानं तोच सिलिंडर फडक्यात गुंडाळून आमच्याकडे आणून दिला. मी नको म्हणाले नाही. फेर्मिन समोरच रिगोबेर्तोच्या ओट्यावर मान खाली घालून बसला होता, आणि मला त्याची कीव आली नाही. भाषण त्यानं केलं होतं.

रविवारी उजाडताच मी काळ्या घेवड्याचा भात आणि पेरूची वडी पिशवीत भरली. आर्सेनियोनं मोटर सुरू केली. आवाज ऐकून फेर्मिन रस्ता ओलांडून आला. आता पोलीस बोलावणार, असं मला वाटलं.

"कुठे निघालात?" त्यानं विचारलं.

"मुलींच्या वसतिशाळेत. लेक आहे."

"माझीही तिथेच आहे," तो म्हणाला. त्याच्या हातात उकडलेल्या रताळ्यांची पिशवी होती. "म्हणून तर तपासणी शनिवारी घेतली. इथून जवळ पडतं."

सिलिंडर पुन्हा काढून बसवेपर्यंत भेट संपली असती, आणि पायडल मारत जायचं तर त्याहून उशीर. माणसं तीन, जागा दोन. आर्सेनियो माझ्याकडे बघायला लागला.

"तू उतर," मी त्याला म्हणाले. "तेल तू ओतलंस."

तो उतरला. मी फेर्मिनच्या मागे बसले. मोटर बारीक शीळ घालत होती. आमची आधी अशी वाजत नसे.

"मी सिलिंडरची धूर सुटायची भोकं कानशीनं मोठी केली आहेत," तो वळून म्हणाला. "चढावर जोर मिळतो. शीळ त्यामुळे येते." चढ संपल्यावर तो म्हणाला, "बाई, हा सिलिंडर आता कुणाचा?"

"जनतेचा," मी म्हणाले. मला हसू आलं होतं. तो हसला नाही.

शाळा अजून उसाच्या पलीकडे होती, इमारतही दिसत नव्हती, तोच एक काटकुळी मुलगी धुळीतून आमच्या दिशेनं धावत सुटली. "बाबांची मोटर," ती मागच्या मुलींना ओरडून सांगत होती, "बाबांचीच आहे." बाबा दिसायच्या आधी तिला आवाज कळला होता. फेर्मिननं ब्रेक लावला आणि तो तिच्याकडे गेला. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

माझी पोर कुठे दिसेना. मी फाटकातून आत गेले तर ती मागच्या भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"मायदेलिन, अगं मी आलेय."

ती दचकून उठली आणि मला बिलगली. "मोटर ऐकली," ती म्हणाली. "पण आपली नव्हती. म्हणून फाटकाशी आलेच नाही."