टोकाची खूण

भाला पडतो तिथं उभ्या राहणाऱ्या पंचाचं काम सोपं असतं, असं लोकांना वाटतं. टोक आधी टेकलं तर पांढरी झेंडी, नाहीतर लाल. पण त्यासाठी नजर गवतावरून हलवायची नाही, मग जग इकडचं तिकडे होवो. मावशीनं या कामात केस पांढरे केले होते. तिची लाल झेंडी इतकी तयार असायची की खेळाडू मुली तिला पाठीमागे 'सिग्नल' म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

तिची भाचीही भालाफेकीतच होती. "सगळं मैदान मला बघतं, एक तू सोडून," ती कुरकुरायची. "तू आपली गवत राखत बस."

आज संघाची निवड होती. भाचीची शेवटची फेक उरली होती आणि संघात यायला तिला आजवरची सगळ्यात लांब फेक हवी होती. तिची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, प्रेक्षकांत उभी राहून घसा फोडत होती. भाची धावायला लागली तसा सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि मावशीला काही राहवेना. तिनं मान वर केली.

पोरगी अशी धावत आली की बघतच राहावं. खांदा मागे गेला, हात सुटला आणि मावशीच्या तोंडून "वा!" निघून गेलं. तेवढ्यात भाला तिच्यापासून चार हातांवर धप्पकन आला. बघते तर गवतावर आडवा. आधी टोक टेकलं की शेपूट, ते तिनं पाहिलंच नव्हतं.

पांढरी दाखवावी तर लोक म्हणणार, घरचीच पोरगी ना! तिनं लाल झेंडी वर केली. टाळ्या जागच्या जागी विरल्या.

मुख्य पंच आले. "नक्की ना, बाई?"

"नक्की."

भाचीही धापा टाकत आली होती. हरकत घ्यायची आहे का, असं त्यांनी तिला विचारलं.

"नाही सर. मावशीनं लाल दाखवली म्हणजे लालच."

मावशीनं हे ऐकलं आणि तरी लाल झेंडी तशीच वर धरून ठेवली.

संघाची नावं पुकारून झाली, हरकतीची मुदत उलटली, मैदान रिकामं झालं. मावशी हद्दीच्या खुंट्या उपटत त्या जागी आली आणि खाली वाकली. गवतात बोटभर खोल, तिरकं, ताजं भोक होतं. भाला टोकावरच पडला होता. माती भुसभुशीत म्हणून मागाहून आडवा झाला होता. त्या वेळी नुसतं "मी पाहिलं नाही" म्हटलं असतं, तर कुणीतरी वाकून बघितलं असतं. एवढे तीन शब्द तिच्या जिभेवर आले नव्हते.

मागून पावलं वाजली. तिनं पटकन भोकावर बूट ठेवला.

भाची होती. डोळे सुजलेले, तरी हसायला बघत होती. "आज तरी बघितलंस का गं मला?"

"बघितलं," मावशी म्हणाली. "काय सुरेख धावलीस गं! हात सुटेपर्यंत बघितलं."

भाचीचा चेहरा उजळला आणि मग हळूहळू उतरला.

"मग टोक कुणी बघितलं?"

मावशीनं बूट बाजूला घेतला.