तीतो गप्प झाला तेव्हा

"तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ. सेत्तिमियो बोलता बोलता थांबला आणि त्याचा अंगठा झग्याच्या काठावर फिरायला लागला, तर शब्द हरवलाय असं समज, लगेच दे. हात स्वस्थ असेल तर तो आपल्या मर्जीने थांबलाय. मग जग बुडालं तरी तोंड उघडायचं नाही. कळलं का, एर्सिलिया?"

गेल्या जानेवारीत पेर्ला मला हे सांगत होती, पलंगावर तीन उशांना टेकून. धाप लागत होती, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती.

"कळलं," मी म्हटलं.

"जरा मोठ्याने बोल की."

"कळलं."

"राहू दे. हाच आवाज हवाय मला. तुझं बोलणं देवाला ऐकू येतं आणि रंगमंचावरच्या नटाला. तिसऱ्याला नाही. प्रॉम्प्टरला आणखी काय लागतं?"

पेर्ला सेत्तिमियोची बायको. तो रोममधल्या आमच्या तेस्ताच्चो वस्तीचा न्हावी, आणि दर वसंतात आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, नाट्यगृहात रोमचा सम्राट तीतो. लढाई संपल्यापासून बावीस वर्षं तो रंगमंचावर उभा राहिला आणि बावीस वर्षं ती त्याच्या पायाशी, फळ्यांखालच्या खड्ड्यात, प्रेक्षकांना दिसू नये म्हणून वर लावलेल्या पत्र्याच्या टोपीआड वही घेऊन बसली.

त्या खड्ड्याशी तिची ओळख मात्र त्याआधीची. जर्मन शहरात होते ते नऊ महिने आमच्या जुन्या फादरनी तिला तिथेच लपवलं होतं. ती ज्यू. वेदीवरची कापडं इस्त्री करून आणायचं काम तेव्हाही माझंच होतं, म्हणून घड्यांच्या खाली पाव आणि उकडलेली चिकोरीची भाजी घेऊन मीच जायची. फटीतून येणाऱ्या उजेडात ती तिथे पडलेली जुनी नाटकं वाचत बसे. "बाकी काही नाही तरी सगळ्यांची भाषणं पाठ झाली," ती म्हणायची. "बाहेर पडले तेव्हा मी अर्धी राणी आणि अर्धा मारेकरी झाले होते."

आमचं तीतोचं नाटक पॅरिशच्या एका शाळामास्तरांनी लिहिलेलं. गोष्ट एका दिवसाची. सकाळपासून लोक सम्राटाकडे गाऱ्हाणी घेऊन येतात आणि तो प्रत्येकाला उद्या ये म्हणून परत पाठवतो. संध्याकाळी जेवताना, घास हातात असताना, तो थांबतो. आज आपण कुणाचंच भलं केलं नाही हे त्याला आठवतं. मग तो म्हणतो, "मित्रांनो, आजचा दिवस मी गमावला." असं तो खरोखरच म्हणाला होता, अशी आख्यायिका आहे. मग तो सगळ्यांना परत बोलावतो आणि पडदा पडतो.

पेर्ला मास्तरांना छळायची. "मास्तर, तुमच्या तीतोने आमचं ज्यूंचं मंदिर जाळलं त्या दिवशी रात्री जेवताना तो काय म्हणाला, ते नाही लिहिलंत?" मास्तर बिचारे चष्मा पुसत राहायचे. मग हीच हसायची. "आणि त्याची ती ज्यू राणी, आमची राणी, कुठे गेली? एवढा जीव होता तिच्यावर, पण लोक काय म्हणतील म्हणून दिली धाडून परत. माझा न्हावी बरा. लोक काय म्हणायचं ते म्हणाले, त्याने मला ठेवून घेतलं."

सम्राटाचा एकेक शब्द ती बावीस वर्षं पुटपुटली, पण शहरातल्या त्याच्या विजयकमानीखालून एकदाही गेली नाही. मंदिरातला लुटलेला सोन्याचा दीप कोरलाय तीच ती कमान. तिच्याखालून जायचं नाही, हा रोमच्या ज्यूंचा जुना नेम आहे. लग्नाआधी एकदा सेत्तिमियो तिला थट्टेत हात धरून खालून ओढू लागला, तेव्हा हिने रस्त्यावरचा खडा उचलून त्याच्यावर उगारला होता. तो खडा तिने जपून ठेवला. पुढे नाटकाच्या वहीची पानं उडू नयेत म्हणून तोच वापरायची. मी रोज संध्याकाळी पाच वाजता संत योसेफाच्या वेदीपुढे माळ जपते. एकतीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. त्यावरून ती म्हणायची, "तुझा नेम माळेचा, माझा कमानीचा. दोघींचंही गुडघ्यावरच निभतंय. तू टेकतेस, मी वळसा घालते."

त्या जानेवारीत तिने वही आणि खडा माझ्या हातात दिला.

"त्याचं डोकं आता रिकामं होत चाललंय," ती हळूच म्हणाली. तो पलीकडच्या खोलीत होता. "परवा औषधवाल्याची एकाच गालाची दाढी दोनदा केली. दुसरा गाल तसाच. या वसंतात त्याचा शेवटचा तीतो. तो त्याला उभ्याने पुरा करता यावा, एर्सिलिया. कुणी मधेच हाताला धरून खाली नेऊ नये. एवढं कर. आणि पडदा पडला की मला येऊन सांग. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. फाटक सहाला बंद होतं."

कुठलं फाटक, ते मी विचारलं नाही. "येईन," म्हटलं.

फेब्रुवारीत ती गेली. वेरानो दफनभूमीच्या ज्यू भागात तिला पुरलं.

तालमी सुरू झाल्या तसा माझा जीव टांगणीला लागला. सेत्तिमियोला पहिला अंक चोख येई. दुसऱ्यात तो अडखळे, अंगठा काठावर फिरू लागे, मी शब्द दिला की पुन्हा गाडी रुळावर. एकदा मी घाबरून घाई केली. तो आपल्या मर्जीने थांबला होता आणि मी खालून शब्द टाकला. तो एवढा गोंधळला की त्याने सकाळचं भाषण संध्याकाळी म्हटलं.

आमचे नवे फादर कालिस्तो तरुण, मनाने चांगले, पण धीर कमी. "एर्सिलियाबाई, औषधवाल्याच्या मुलाला सगळी भूमिका पाठ आहे. सेत्तिमियोंना आपण पहिल्या रांगेत खुर्ची देऊ, हार घालू."

"हार नको त्यांना, फादर. नाटक हवंय."

"काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांना पुन्हा वाकावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "ठीक. पण मुलगा विंगेत तयार राहील. सेत्तिमियो अडले आणि तुमच्याने सावरलं नाही, तर मी त्याला आत सोडणार. तीनशे लोकांसमोर म्हाताऱ्याचं हसं मला होऊ द्यायचं नाही."

त्यांचंही चूक नव्हतं.

तालमीनंतर सेत्तिमियो खड्ड्याशी वाकून मला विचारी, "पेर्ला, आज बरं झालं ना?" पहिल्या वेळी मी "हो," म्हटलं आणि शनिवारी चर्चमध्ये फादरपुढे त्या खोट्याचं पाप कबूल केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच खोटं, पुन्हा तेच पाप. तिसऱ्या शनिवारी जाळीपलीकडून फादर म्हणाले, "बाई, एकदम महिन्याचं मिळून सांगा."

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला नाटक लागलं. पेर्लाची राखाडी शाल मी अंगावर घेतली होती. खड्ड्यात गारठा असतो. वही उघडली, तिच्यावर खडा ठेवला. वर सेत्तिमियो जांभळा झगा सावरत आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्यांच्या दाढ्या त्याने केल्या होत्या.

पहिला अंक निर्वेध. दुसऱ्यात चारदा अंगठा फिरला, चारदा मी शब्द दिला, नुसतं पहिलं अक्षर, श्वासासारखं. कुणाला कळलं नाही. मग जेवणाचा प्रसंग आला. तो बसला, घास उचलला आणि थांबला.

इथे थांबणं नाटकातच होतं. पेर्लाने वहीत समासात लिहून ठेवलं होतं, 'तुझ्या एका नमो मरियाएवढं.' मी मनात ती प्रार्थना एकदा म्हटली. तो बोलला नाही. दुसरी म्हटली. त्याने घास खाली ठेवला, तो उठला आणि हळूहळू पुढे, खड्ड्याच्या अगदी काठाशी येऊन उभा राहिला. हे कधीच ठरलेलं नव्हतं. तो थेट माझ्याकडे बघत होता. डोळे पाण्याने भरलेले, आणि ओठ उघडे. हरवलेल्या माणसाचा चेहरा असाच असतो. शब्द माझ्या जिभेवर होता. विंगेतून फादर दोन्ही हातांनी मला खुणावत होते, द्या, द्या! त्यांच्या मागे औषधवाल्याचा मुलगा पायातली वहाण घट्ट करत होता.

तोंडाकडे बघू नकोस.

मी हाताकडे पाहिलं. उजवा हात झग्याच्या काठाशी होता आणि स्वस्थ होता. अंगठा अजिबात हलत नव्हता.

मी तिसरी नमो मरिया सुरू केली. सभागृहात कुणी खोकलं, कुणाची खुर्ची करकरली. फादरनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मी खड्ड्यातून त्यांच्याकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली, नाही. आयुष्यात मी कुठल्या धर्मगुरूला पहिल्यांदाच नाही म्हणत होते. काय दिसलं त्यांना कोण जाणे. हात खांद्यावरच राहिला, पण त्यांनी मुलाला ढकललं नाही.

"मित्रांनो," सेत्तिमियो म्हणाला. आवाज इतका खालचा की मागच्या रांगा पुढे वाकल्या. "मित्रांनो, आजचा दिवस मी गमावला."

बावीस वर्षं ते वाक्य मी ऐकलं होतं. ते असं कधी ऐकलं नव्हतं. मग तो वळला, सगळ्यांना परत बोलावलं, एकेकाचं गाऱ्हाणं नाव घेऊन विचारलं, एकही नाव चुकलं नाही. पडदा पडला तेव्हा तो उभाच होता.

लोक ओरडत होते, "न्हाव्या, पुन्हा! पुन्हा!" औषधवाला सगळ्यांत मोठ्याने. मी खड्ड्यातून वर आले तर तो लाकडी सिंहासनावर पानांचा मुकुट मांडीवर घेऊन बसला होता.

"एर्सिलिया," तो म्हणाला. माझं खरं नाव, कितीतरी दिवसांनी. "तू शब्द दिला नाहीस."

"तुम्ही मागितला नाहीत."

"मला आठवत नव्हता तो."

मी त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. "मग तुमचा हात…"

"शब्द शोधतच नव्हतो मी. खड्ड्यात ती दिसेना. आत्ता येईल, आत्ता डोकं वर काढेल, म्हणून वाट बघत होतो. मग लक्षात आलं, ती यायची नाही. फेब्रुवारीत आपणच पोचवून आलो तिला." त्याने मुकुटाचं एक पान सरळ केलं. "ते लक्षात आलं आणि वाक्य आपोआप आलं."

मी त्याचा हात धरून बसले. फादर कालिस्तो आले, डोळे लाल. "बाई, तुमची मान एवढी जोरात हलते हे माहीत नव्हतं मला," म्हणाले आणि सेत्तिमियोच्या गालांचा त्यांनी मुका घेतला. मागच्या खोलीत बायकांनी तळलेली आर्टिचोक आणि वाइन मांडली होती. पेर्लाच्या हातची सर नव्हती, पण कृती तिचीच होती. सेत्तिमियोला तिकडे नेऊन बसवलं, गळ्यात रुमाल बांधला, ताट पुढे ठेवलं. तो आवडीने खाऊ लागला. मग दाराकडे बघून म्हणाला, "पेर्ला कुठे राहिली? तिला सांगायला हवं. आजचं ते वाक्य माझं मी म्हटलं."

औषधवाल्याने मान खाली घातली. फादरनी माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगते तिला," मी म्हटलं. या वेळी शनिवारी कबूल करावं असं त्यात काही नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. पाचला योसेफाची वेदी. आई गेली त्या दिवशीही मी तिथे होते. क्षणभर थांबले. मग शाल डोक्यावरून घेतली, वहीवरचा खडा उचलून खिशात टाकला, आणि जपमाळ हातात घेऊन चर्चच्या दारावरून पुढे गेले. योसेफबाबा समजून घेईल. त्यालाही एकदा बाळाला वाचवायला रातोरात मुक्काम सोडून निघावं लागलं होतं.

आमच्या वस्तीच्या टोकाला असलेल्या जुन्या रोमन पिरॅमिडपाशी ट्राम उभी होती. मी उजव्या बाजूला बसले. कोलोसियमपाशी तीतोची ती कमान डाव्या हाताला दिसते, म्हणून. माळेचा पहिला मणी बोटांत धरला आणि वाहकाला हळूच म्हटलं, "वेरानो."

"काय म्हणालात, आई?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.