दुसरं हॉस्पिटल

माझी वहिनी व्हर्ना विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष द्यायला राज्याच्या राजधानीला, हेलेनाला, निघाली तेव्हा गाडी मी चालवत होते.

आमच्या गावात पूर्वी दोन हॉस्पिटलं होती. पहिलं ज्या मोठ्या कंपनीचं होतं, तिने दुसरं विकत घेतलं आणि बंद करून टाकलं. व्हर्ना तिथेच नर्स होती. यापुढे अशा खरेदीला राज्याची परवानगी लागावी, असं विधेयक आलं होतं; त्याच्याच बाजूने ती बोलणार होती. पण माझ्या भावाचं, आर्लोचं, डायलिसिस त्याच कंपनीच्या सेंटरवर व्हायचं. दुसरं सेंटर थेट डोंगरापलीकडे.

विधानभवनाच्या जिन्यात क्रेग डनलेव्ही भेटला. आमच्याच शाळेतला, आता कंपनीतर्फे आमदारांच्या मागेपुढे फिरतो.

"अगं व्हर्ना! आर्लो कसा आहे? अजून मंगळवार-गुरुवार-शनिवारच ना डायलिसिस?"

"तुला कसं ठाऊक?"

"गाव केवढंसं आपलं!" तो हसला आणि वर निघून गेला.

व्हर्नाने माझा दंड घट्ट धरला. "वार माहीत आहेत त्याला."

"परत फिरायचं का?"

ती पायऱ्या चढू लागली.

समितीचे अध्यक्ष ओस्टबी यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मिसेस टॉलेफसन, तुमच्या नवऱ्यावर याच कंपनीकडे उपचार चालू आहेत. त्याबद्दल काही तक्रार?"

आर्लोचं नाव आम्ही तिथे कुणाकडेच काढलं नव्हतं. मागच्या रांगेत क्रेग फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

व्हर्नाने समोरचे कागद गोळा केले. मला वाटलं, आता उठते.

"तक्रार नाही," ती शेवटी म्हणाली. "भीती आहे. पूर्वी एकाशी भांडलं तर समोरच्या हॉस्पिटलात जाता यायचं. आत्ता तुम्ही आर्लोचं विचारलंत आणि मला वाटलं, उठून घरी जावं. हेच सांगायला आले होते मी."

एका सदस्येने मान खाली घातली. मतदानात तिनेही विरोधात हात वर केला, आणि विधेयक तिथेच बारगळलं.

पुढच्याच आठवड्यात सेंटरवरून फोन आला: माणसं कमी आहेत, आर्लोला आता पहाटे आणा. खरंही असेल, नर्सा सोडून जातच होत्या.

"पहाटे तर पहाटे," आर्लो म्हणाला. "हिच्या घोरण्यात झोप कुठे लागते नाहीतरी!"

आम्ही हसलो. व्हर्ना हसली नाही. पूर्वी डायलिसिस चालू असताना ती बाहेर विणत बसायची. आता मशीनशेजारी खुर्ची ओढून बसते आणि नर्सच्या हातांवरची नजर हलवत नाही.

"ताई, बाहेर जाऊन कॉफी तरी घ्या," ती नर्स पोरगी म्हणते.

"नको गं. इथेच बरी आहे."