बोडीवरची मरळ

धोंड्याचा महिना आला की माझं एक व्रत असतं. पहाटे अंघोळ करायची, कणिक भिजवायची, तिच्या तेहतीस गोळ्या वळायच्या, एकेका गोळीवर बोटानं देवाचं नाव काढायचं आणि त्या पाण्यातल्या जिवांना घालायच्या. अंघोळ झाल्यापासून शेवटची गोळी पाण्यात पडेपर्यंत मौन. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना, त्यात खंड पडू द्यायचा नाही, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. मी पडू दिला नाही.

गावाला हे ठाऊक आहे. नवेगाव बांधाच्या मोठ्या तळ्यापासून दोन कोसांवरचं आमचं गाव, शंभर-सव्वाशे घरांचं. त्या महिन्यात मी सकाळी हातात पितळी डबा घेऊन निघाले की दारातल्या बाया ओठांवर बोट ठेवून हसतात. म्हणजे, बोलू नका गं, सुशिलाबाईचं मौन आहे. मीही हसते आणि पुढे जाते.

शेजारची वच्छला तर मुद्दाम बोलायला लावायची. "सुशिले, तुया मागं साप हाय वो!" म्हणून ओरडायची, आणि मी दचकून उडी मारली तरी तोंड उघडलं नाही की टाळ्या पिटायची. ती ढिवरांची, आमचं घर शेतकऱ्याचं. मी गळ्यात तुळशीची माळ घालणारी, ती डोक्यावर टोपली घेऊन बाजारात मासोळ्या विकणारी. पण दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन या गावात आलो आणि तीस वर्षं एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहिलो.

त्या वर्षी ती ओरडत नव्हती. तिच्या अन्ननळीत गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी पाहिलं, घशातून नळी घालून पाहिली, आणि आषाढात सांगितलं, घरी न्या, जे मागेल ते द्या. मागेल तरी काय? दोन चमच्यांवर पाणी उतरायचं नाही. चार दिवस पेजेचं पाणीसुद्धा परत आलं. मग एका संध्याकाळी तिनं नवऱ्याला, दुधरामभाऊंना, हाक मारली आणि म्हणाली, "मरळीचा रस्सा देता का? तुमच्या हातचा. पकडाची बी तुमीच अन् रांधाची बी तुमीच."

तेव्हा मी तिचे पाय चेपत बसले होते. दुधरामभाऊ दाराशी उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

हे 'तुमीच' तिनं का म्हटलं, ते मला कळत होतं. दुधरामभाऊ जवानीत तळ्यावरचे नावाजलेले शिकारी. पाण्याकडे पाहून मासोळी कुठं आहे ते सांगायचे. पण मधली पंधरा वर्षं दारूत गेली. "बांधावर जातो" म्हणून निघायचे आणि भट्टीवर बसायचे. संध्याकाळी रिकामं जाळं खांद्यावर, आणि "आज पान्यात काई नव्हतं." वच्छलानं ते वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की भाऊ बोलायच्या आधी तीच बोलून टाकायची. गेली दोन वर्षं त्यांनी दारूला हात लावला नव्हता. तरी तिचा विश्वास काही परत आला नाही. "सुटली म्हंतात. मी पाहून राहिली," एवढंच म्हणायची.

आठवडाभर ते पहाटे जात होते. मोठ्या तळ्यात मरळ आता सापडत नाही, सगळी तिलापी मासोळीच झाली आहे. कुठं गेले, कुठं बसले, आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. शिकारी माणूस जागा सांगत नाही.

त्या सकाळी रात्रभराच्या पावसानं तळ्याच्या घाटाकडच्या रस्त्यावरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, बुडाला होता. मी डबा घेऊन गावच्या तळ्याकडे निघाले ती अर्ध्यातून फिरले. आता गोळ्या कुठं घालायच्या? आमच्या धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे, रोवणीला पाणी साठवायला आजेसासऱ्यांनी खोदलेली लहानशी तळी. गोळ्या घालायला तिथं कधी गेले नव्हते. पण पाणी ते पाणी, जीव ते जीव. मातीच्या पाळीवरून चालत गेले.

बोडीच्या पलीकडच्या काठाला बेशरमाची झुडपं दाट आहेत. त्यांत काहीतरी हाललं. पाहते तर दुधरामभाऊ, कमरेइतक्या पाण्यात, झुडपासारखेच स्थिर. त्यांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मला बरं वाटलं. म्हटलं, पाहा, भाऊसुद्धा माझ्या मौनाची आठवण ठेवतात. मी हसून मान लववली. मग त्यांनी पाण्यावरून हात हलवला, असा, पंजा उपडा करून, दोन-तीनदा. मी हाताच्या रोखानं पाहिलं. पाण्यावर एक तांबडा पुंजका होता, सुपाएवढा, हलता. बारीक बारीक पिल्लं, शेकड्यानं, एकत्र वर येत होती, खाली जात होती. इतकं सुंदर काही मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, भाऊ दाखवताहेत, इथं घाला वहिनी, इथं लहान जीव आहेत.

मी पाळीवरून उतरून त्या बाजूला गेले. तोंडानं बोलवता येत नाही म्हणून गोळ्या घालताना मी टाळी वाजवते, तळ्यावरच्या मासोळ्या त्या आवाजाला येतात. तशा तीन टाळ्या वाजवल्या आणि पहिली गोळी त्या तांबड्या पुंजक्यात टाकली.

पाणी उकळल्यासारखं झालं. चहूकडून तिलापी आल्या, गोळीला लागल्या आणि पिल्लांनाही लागल्या. पुंजका फुटला. त्याच्या खालून काहीतरी लांब, काळं, हाताएवढं जाड वळलं, शेपटीचा एक फटका बसला आणि चिखलाची रेघ खोल पाण्याकडे गेली. मी गोळ्या मोजत होते. चार. पाच. सहा.

भाऊ झुडपातून बाहेर आले. पाण्यातून चालत माझ्याकडे आले. हातात बांबूची काठी, दोरीच्या टोकाला गळ, आणि गळाला पाठीतून टोचलेला एक बेडूक, अजून पाय हलवणारा. तो पाहून माझ्या मनात आलं, बरं झालं, वाचली बिचारी मासोळी. देवानंच मला इकडे पाठवलं. हे माझ्या मनात आलं होतं, म्हणून इथं लिहिते आहे.

"वहिनी," ते म्हणाले.

मी हात वर करून थांबा म्हटलं. बावीस झाल्या होत्या, अकरा राहिल्या होत्या. शेवटची पडेपर्यंत बोलता येत नाही. ते थांबले. माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी उरलेल्या अकरा गोळ्या पाण्यात पडताना पाहिल्या. एकदाही माझा हात धरला नाही.

शेवटची टाकून मी हात जोडले आणि म्हणाले, "काय झालं भाऊ?"

"काई नाई. मरळ होती. पिल्लं वर आली का माय खाली राखनीले राह्यते. पिल्लापाशी बेडूक टाकला का थे चावतेच. सहा दिवस पाहून राहिलो होतो, आज पिल्लं काठाले आली होती."

"मग मला ओरडून सांगायचं!"

"ओरडलो असतो त थेच पळाली असती."

मी खाली बसले. मला आता वच्छला आठवली. त्याआधी नव्हती आठवली.

"उद्या येईल ना परत?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. तिलापी अजून वळवळत होत्या. "पिल्लं नाई राह्यली त थे कोनासाठी येईन?" मग गळावरचा बेडूक सोडवून त्यांनी पाण्यात टाकला. जाताना मागं वळून म्हणाले, "वहिनी, तिले सांगू नोका. तिचा तुमच्यावर लय जीव हाय. मराच्या वक्ती तुमच्यावर राग घेऊन जाईन थे."

मी हो म्हटलं. मला ते सोयीचंच होतं.

त्या दुपारी मी तिच्याकडे गेले. तिनं डोळे उघडून आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"भेटली?"

"पान्यात हाय," भाऊ म्हणाले. "उद्या."

"उद्या," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली. हसताना ओठांची कातडी ताणली गेली. "आयकलं का सुशिले? पंधरा वर्सं झाली, याची मासोळी उद्याच असते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. तोंडात शब्द आले होते. मी म्हटलं, "झोप वच्छला, बोलू नको, त्रास होतो."

पुढचे तीन दिवस ते पहाटे जात राहिले आणि रिकामे येत राहिले. मी गोळ्या घरामागच्या नाल्यात घालू लागले, मासोळी नव्हती तिथं, बेडकांनी खाल्ल्या असतील. व्रत मोडलं नाही. देवापुढे बसले की नाव घेताना ते काळं अंग वळलेलं दिसायचं, आणि मी माळ सरकवत राहायचे. चौथ्या दिवशी मी ऑटोत बसून अर्जुनीच्या बाजाराला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मासळीच्या ओळीत उभी राहिले.

"मरळ आहे का?"

विकणारीनं माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. "बाई, भाजीबाजार तिकडं हाय."

"जिवंत पाहिजे."

"आता मावशे, जिवंत पाहिजे म्हंते अन् नाक दाबून उभी हाय," ती शेजारणीला म्हणाली आणि दोघी हसल्या. पण तिनं टाक्यात हात घालून एक काढून दिली. डब्यात पाणी घालून, वर फडकं बांधून, मांडीवर ठेवून मी ती घरी आणली. सगळ्या रस्त्यानं ती आतून डब्याला धडका देत होती.

दुधरामभाऊंनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. चुलीवर त्यांनीच रांधली. जिरं, लसूण, हळद, तिखट नाही. मी अंगणात पाठ फिरवून बसले होते. रस्सा गाळून त्यांनी वाटीत आणला. त्यांनी तिची मान उचलून धरली, चमचा मी धरला.

वच्छलानं वास घेतला. चमचा ओठाला लावला, थोडंसं जिभेवर घेतलं. ते गळ्यापर्यंत गेलंच नाही, ओठाच्या कोपऱ्यातून खाली आलं. तीस वर्षं मासोळ्या विकलेली बाई ती.

"टाक्यातली हाय," ती म्हणाली. "भुश्श्यावर वाढवलेली."

भाऊंनी तिची मान हळूच उशीवर टेकवली.

"इकत आनली ना?"

"हाव," भाऊ म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, राग असता तर बरं झालं असतं. "पान्यावर बसतो म्हने, उद्या आनतो म्हने. कायले खोटं बोलत होते एवढे दिवस? नाई जमत होतं त नाई म्हनाचं. मी का मारली असती तुमाले? आता त माया हात बी उचलत नाई."

"बसलो होतो वो," भाऊ म्हणाले. "तुयी शप्पत, बसलो होतो."

"माया शपता लय झाल्या."

तिनं मान भिंतीकडे केली. त्या वेळी भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी सांगेन असं त्यांना वाटलं असेल, किंवा सांगू नये असं वाटलं असेल, मी अजून ठरवू शकले नाही. ते बोडीवर बसले होते हे पाहणारी जगात मी एकटी होते. चमचा माझ्या हातात होता. मी तो वाटीत ठेवला, पदरानं तिची हनुवटी पुसली, आणि म्हटलं, "उद्या सकाळी येते गं."

खरंच ठरवलं होतं. गोळ्या घालून, मौन सुटलं की सरळ तिच्याकडे जायचं, पायाशी बसायचं आणि सगळं सांगायचं. माझ्यावर रागावली तर रागावू दे. सकाळी बाराव्या गोळीला कुंपणापलीकडून भाऊंचा आवाज आला. नाल्याच्या काठावर उभी राहून मी बाकीच्या एकवीस घातल्या. भराभर घातल्या, पण घातल्या. हे कसं झालं ते मला विचारू नका.

मी पोचले तेव्हा ती गेली होती, तिला अंगणात घेतलं होतं. बाया जमल्या होत्या. भाऊ उशाशी उकिडवे बसले होते, हात गुडघ्यांवर, नखांत अजून बोडीचा चिखल. मी जाऊन तिच्याजवळ वाकले आणि तिच्या कानाला तोंड लावून सांगितलं. वच्छला, ते बसले होते. सहा दिवस पाण्यात उभे होते. मरळ आली होती. मी टाळ्या वाजवल्या, मी पळवली. ते खोटं बोलले नाहीत गं. पुन्हा सांगितलं. दुसरा कान थंड होता, त्यातही सांगितलं.

मागून जमलेल्यांतल्या अनुसयाबाई म्हणाल्या, "पाहा, सुशिलाबाई देवाचं नाव घालून राहिली कानात. नशीबवान वच्छला, धोंड्याच्या महिन्यात गेली अन् अशा बाईच्या तोंडून नाव आयकलं." दोघी-तिघींनी हात जोडले.

मी मान वर केली. भाऊ इतक्या जवळ होते की त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काल सांगतलं असतं त," ते म्हणाले.

मग बाहेर कुणीतरी त्यांना हाक मारली, तिरडीचे बांबू आले होते, आणि ते उठून गेले.