तुतारी काय म्हणाली

हस्तिदंत कोरडा पडला की तडकतो. त्याला तेल चोळत राहावं लागतं.

डुआसे गावचा राजा माणसांसमोर जेवत नाही. त्याला भूक लागते, असं नुसतं म्हणणंसुद्धा आगाऊपणा.

सेरवाच्या शेंगदाण्याच्या रश्श्याचा वास तीन घरं पलीकडे जातो.

अशान्ती मुलखात मामाचं सगळं भाच्याला मिळतं: शेत, भांडणं, गालातला दम.

तर अडोमाकोला मामाकडून राजाची तुतारी वाजवण्याचा मान मिळाला होता. अख्ख्या सुळ्याची तुतारी, बाजूला भोक पाडून फुंकायची. हस्तिदंत राजाचा, दुसऱ्या कुणी त्याचा चमचासुद्धा करायचा नाही. ही तुतारी बोलायची. शब्द नाहीत, नुसते सुरांचे चढउतार; पण राजा बाहेर पडला की गावाला लख्ख ऐकू यायचं:

‘राज्याचा बाप आला, वाट सोडा!’

एक दिवस अडोमाको घरी सराव करत होता. बायको, म्हणजे सेरवा, पळी हातात धरून थबकली.

“अहो, ही काय म्हणतेय ऐकलंत? ‘रश्श्याचा वास आला, ताट वाढा!’”

चाल तीच, ठेका तोच. अडोमाको हसला, ही त्याची चूक. सेरवाने ते ओढ्यावर बायकांना सांगितलं, ही तिची.

असलं काही एकदा ऐकलं की कानातून जात नाही. पुढच्या मिरवणुकीत राजा छत्रीखाली सोन्याने मढलेला, चेहरा दगडासारखा. तुतारी वाजली आणि एक म्हातारी फिस्सकन हसली. मग तिच्या शेजारची. मग छत्रीवाला, त्याच्याबरोबर छत्रीही गदगदा हलायला लागली.

अडोमाकोने लांबवून फुंकलं. तुतारी दुपारपासून उपाशी वाटली. त्याने झटपट फुंकलं. आता ती ताटावरच ओरडली.

दरबारात बोलावणं आलं. राजा, म्हणजे सगळ्यांचे ‘नाना’, दरबारात स्वतः बोलत नसे. तो शेजारी उभ्या असलेल्या दरबारी बाडूच्या कानात कुजबुजायचा आणि बाडू ते सभ्य करून सांगायचा. आज राजा बराच वेळ कुजबुजला. बाडूचे कान तापले.

“नाना म्हणतात, तुतारी तुझ्या मावसभावाला द्यावी.”

तुतारी गेली की अडोमाको म्हणजे नुसते दोन फुगीर गाल, हे त्यालाही ठाऊक होतं. दुसरं काहीच येत नव्हतं त्याला.

“नाना, माझा काय दोष?” तो गडबडीत म्हणाला. “शेवटी हा दात आहे. दाताला जेवणाशिवाय सुचणार काय?”

बाडू उखडला. हे राजाचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. “शहाण्या, हत्ती सुळ्याने जेवतो होय रे?”

“तेच तर दुखणं ना, बाडूकाका! जन्मभर तोंडाच्या दारात उभा. घास शेजारून आत जाणार, ह्याच्या वाट्याला नुसता वास. निदान आता तरी बोलू द्या बिचाऱ्याला!”

राजाचं पोट हललं. चारचौघांत हसणंही राजाला शोभत नाही, म्हणून तो बाडूकडे वाकला आणि काहीतरी पुटपुटला. बाडूने ताठ होऊन घसा साफ केला.

“नाना म्हणतात: हा हा हा.”

तुतारी अडोमाकोकडेच राहिली. पण राजाची तुतारी बोलली म्हणजे राजा बोलला, आणि राजाचा शब्द मागे घेता येत नाही. पुढच्या सणाला तुतारी वाजली तसं अख्खं गाव राजाच्या अंगणात मांडी ठोकून बसलं. वाट कुणीच सोडेना. शेवटी मोठी भांडी चढली. रस्सा ढवळायला सेरवाला जुंपलं; तिचे दंड भरून आले.

“भोग आता,” अडोमाको म्हणाला. “ओढ्यावर कोण बोललं होतं?”

“मी बोलले ते खरं निघालं की नाही?” सेरवा म्हणाली आणि त्याच्यापुढे ताट आदळलं.

त्यानंतरच्या सणाला अडोमाकोने तुतारी ओठाला लावली, तेवढ्यात बाडू लगबगीने जवळ आला.

“नाना म्हणतात, जरा हळू. शेजारचं गाव ऐकतंय.”

ज्या हत्तीचा तो सुळा होता, तो म्हातारपणी दाढा झिजल्यामुळे उपाशी मेला होता.