भावाची अल्टर केलेली पँट

माझा धाकटा भाऊ वाळत चालला होता आणि आम्ही त्याच्या पँटी अल्टर करत होतो. शिंप्याचं घर, दुसरं काय होणार! कमरेत ढिली झाली, की बाबा म्हणायचे, "आत घे गं जरा." मी घ्यायचे. ती ढिली का झाली, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

उलट बाबा खूश. पोरगं झोपेशिवाय राबतंय, जेवायलाही उठत नाही, बोलायला लागलं की थांबत नाही! "सुधारला बघ," म्हणून मिशीत हसायचे. माझं मात्र डोकं फिरायचं. चांगलं चालणारं मशीन तो उगाच सुटं करायचा, स्क्रू ओळीने मांडायचा, जोडायचा, पुन्हा सुटं करायचा. जबडा आवळलेला, दात करकर वाजायचे. हात खाजवून खाजवून जखमा झालेल्या. भर उन्हातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठाल्या. वर म्हणे, सगळी गल्ली माझ्यावर पाळत ठेवते!

शेवटी मी टेप घेतली. "बस, नव्या शर्टाचं माप घेते." छातीला टेप लावली, तर आत काळीज असं धडधडत होतं, की माझ्या बोटांना धक्के बसले. मी घाबरले. टेप टाकून त्याचा दंड धरला. "काय घेतोस?"

आधी तो अंगावर आला. मग रडला. "मेथ. नशेची पावडर असते. काम उरकावं म्हणून घेतलं, ताई. आता त्याच्याशिवाय उठवत नाही."

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "रक्तदाब वाढलाय, हृदयावर ताण आहे. असंच चालू राहिलं तर झटका येऊ शकतो. दातही किडायला लागलेत. पण यातून बाहेर पडता येतं, वेळ लागेल. आणि त्याच्यावर ओरडू नका." हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मेथ बंद झाल्यावर तो नुसता झोपायचा, नाहीतर चिडायचा. समुपदेशनाला जाताना कुरकुर करायचा, पण जायचा. हळूहळू पुन्हा कापड बेतायला लागला.

आणि एक दिवस त्याला पहिली पुडी देणारा मित्रच दुकानात हजर, हातात पँट घेऊन. "उंची कमी करायचीय," म्हणत त्याने डोळा मारला.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. मी कात्री उचलली, कापडासाठी नव्हे. भावाने मला मागे सारलं. कपाळावर घाम, पण आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा: "मी मेथ सोडलंय! तुझी पँटही नको आणि पुडीही नको. चालता हो!"

तो गेला. पळालाच म्हणा ना! मी आनंदाने अशी आरोळी ठोकली, की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून धावत आला.

मागून जळका वास यायला लागला. ज्या बाबांनी जन्मात कुणाच्या कपड्याला डाग पडू दिला नव्हता, त्यांच्या इस्त्रीखाली एक पांढरा शर्ट धुमसत होता.

"बाबा, इस्त्री!" भाऊ ओरडला.

"जळू दे रे," म्हणत बाबांनी त्याला घट्ट मिठी मारली.